कचेरीची पायरी : अपील फेटाळलं, आता पुन्हा अर्ज करू का?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सिडकोत उत्तमनगरजवळ राहतो. माझे मिस्टर (वय ४४) अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. ऑगस्ट २०२१ मध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) मेडिकल बोर्डानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ३० टक्के कायमचं धरलं. त्याचे महिन्याला ४,८०० रुपये येतात. नंतर सरकारी दवाखान्यातून दिव्यांग दाखला काढला, त्यावर ३४ टक्के आले. निराधारच्या पगाराला ४० लागतात म्हणून अपील केलं. तिथं पुन्हा हात बघितला आणि ३४ च ठेवले. मागच्या वर्षापासून त्यांचा खांदाही वर जात नाही, शर्ट मी घालून देते. कंपनीनं गेटवर बसवलं होतं, मार्चपासून तेही बंद केलं. मी ब्लाउज शिवते. एक एजंट म्हणतो, पंधरा हजार द्या, ४५ टक्के करून आणतो. अपील फेटाळल्यावर परत अर्ज करता येतो का, की आता कायमचं बंद? नाव छापू नका. (सप्टेंबर २०२५)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात जे दिसलं ते तुम्हाला आवडणार नाही, पण ते मागाहून सांगतो. आधी तुम्ही विचारलेलं.

परत अर्ज करता येतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा जो कायदा आहे, त्याच्या ५८ व्या कलमात दाखला कसा मिळवायचा ते आहे आणि ५९ व्या कलमात अपिलाचं. अपील हरलं की माणसाला पुन्हा तपासायचं नाही, असं दोन्हींत कुठं नाही. अपील करताना तुमचं म्हणणं एवढंच होतं, की त्या दिवशी मोजलेले ३४ चुकीचे होते. त्यावर उत्तर मिळालं, नाही, बरोबर होते. संपलं. पण तेव्हाचा हात आणि आजचा हात एकच आहे का, हा प्रश्न त्या अपिलात नव्हताच.

आपण नाशिककर गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. सकाळी गुडघ्याला असलेलं पाणी संध्याकाळी छातीला लागलं, म्हणून सकाळी सांगणारा काही खोटा ठरत नाही. सकाळचं माप खोटं होतं असं भांडण तुम्ही केलंत आणि हरलात. संध्याकाळचं माप घ्या, असं अजून कुणाला म्हणालाच नाहीत.

मी अकरा वर्षं एका तालुक्याच्या कचेरीत संगायो शाखेला होतो, आधी कारकून, मग अव्वल कारकून. (संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. कचेरीत एवढं लांब नाव कुणी घेत नाही.) नामंजूर झालेली माणसं पुन्हा यायची तेव्हा दहातली आठ तेच कागद नव्या पिशवीत घालून आणायची. फक्त अर्जाच्या वरची तारीख बदललेली. आम्हीही मग तोच शेरा नव्या तारखेनं मारायचो. त्यात आमचं शहाणपण काही नव्हतं, पण त्यांचाही एक हेलपाटा फुकट जायचा. म्हणून सांगतो, नवा अर्ज म्हणजे नवा मजकूर.

तो तुमच्याकडे आहे. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय : शर्ट मी घालून देते.

आता घरातला जुना दाखला काढा आणि दोन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, टक्के कशाच्या संदर्भात दिलेत ते. तिथं शरीराचा भाग लिहिलेला असतो. मला खात्री आहे, तिथं बोटं किंवा पंजा असेल, खांद्याचा उल्लेख नसेल. कारण तुम्ही अर्ज बोटांसाठी केला होता आणि बोर्डापुढं तेव्हा बोटंच होती. दुसरं, पुनर्तपासणी गरजेची नाही असं लिहिलंय, की अमुक वर्षांनी करावी असं लिहिलंय. ज्याचं अपंगत्व बदलण्याची शक्यता नाही त्याला कायमचा दाखला देतात, ज्याचं बदलू शकतं त्याच्या दाखल्यावर मुदत घालतात. मुदतीचा असेल तर तुमचं काम सोपं, मुदत संपली की तपासणी होणारच. कायमचा असेल तर मात्र तुम्हाला लेखी म्हणावं लागेल : पूर्वीच्या तपासणीनंतर उजव्या खांद्याची हालचाल कमी झाली आहे, तिचं मूल्यांकन पूर्वी झालेलं नाही, ते करावं. एवढंच. ‘आम्ही फार गरीब आहोत, मायबाप सरकारनं दया करावी’ हे त्यात घालू नका. डॉक्टरला दया येऊनही टक्के वाढवता येत नाहीत, त्याच्यापुढं तक्ते असतात.

ते तक्ते केंद्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये काढले आणि मार्च २०२४ मध्ये सुधारले. त्यातली एक गोष्ट मला नोकरीत असताना माहीत नव्हती, निवृत्त झाल्यावर एका हाडांच्या डॉक्टरांनी चहा पिता पिता समजावली. शरीरात दोन दोष असले तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. तुमचा मोठा आकडा ३४. नव्वदातून गेले ३४, राहिले ५६. समजा खांद्याचे २० टक्के निघाले. ५६ गुणिले २० म्हणजे १,१२०, भागिले ९०, आले साडेबाराच्या जवळ. ३४ मध्ये मिळवले की ४६ च्या पुढं. आणि खांद्याचे नुसते १० निघाले तरी बरोबर ४० ला टेकता. ९ निघाले तर मात्र राहता बाहेर. हे गणित मी तुमच्या आशेसाठी नाही मांडलं. खांदा अर्जात लिहिणं न लिहिणं यात केवढा फरक पडतो, ते दिसावं म्हणून मांडलं. खांद्याचे किती निघतील ते खांदा बघणारा ठरवेल.

खांदा बघतात म्हणजे काय करतात, तर कोनमापकासारखं एक साधन लावून हात बाजूला किती अंशांपर्यंत जातो, पुढं किती, मागं किती, ते मोजतात. मग ताकद बघतात. तेव्हा बोर्डाकडं जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडून जो कागद घ्याल, त्यावर ‘खांदा खूप आखडला आहे’ असं वाक्य नको, अंश हवेत. कधीपासून, काय उपचार केले, किती फरक पडला, हेही हवं. फिजिओथेरपी घेतली का? तुम्ही लिहिलेलं नाही. घेतली नसेल तर आधी घ्या, आणि हे मी दाखल्यासाठी म्हणत नाही. आखडलेला खांदा व्यायामानं सुटतो कधीकधी. सुटला तर ४० टक्क्यांपेक्षा ते बरं, शर्ट स्वतःचा स्वतः घालता येईल. नाही सुटला तर उपचाराच्या तारखांचं कार्ड तुमच्याकडं राहील, कारण उपचार करून जेवढं सुधारायचं तेवढं सुधारल्यावर जे उरतं तेच कायमचं अपंगत्व म्हणून मोजतात. उपचार अर्धवट असले तर बोर्ड म्हणेल, नंतर या. त्या ‘नंतर या’नं कितीतरी माणसं चिडून घरी बसतात.

जुन्या तपासणीचा तक्ता, म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांनी काय काय मोजलं ती नोंद, मागून घ्या. तोंडी मागून मिळाली तर उत्तम. नाही तर माहिती अधिकारात साधा अर्ज, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. अर्ज तुमच्या मिस्टरांच्या सहीनं हवा, कागद त्यांच्या शरीराचा आहे. डाव्या हातानं सही करत असतील तर आधार आणि बँकेतल्या सहीशी जुळते का बघा. हसू नका, प्रेसवर उजवा हात गेलेल्या एका माणसाचं प्रकरण माझ्या टेबलावर केवळ सही जुळत नाही म्हणून चार महिने पडून होतं. ते टेबल माझं होतं, म्हणून ठामपणे सांगतोय.

अर्ज कुठं? मिस्टरांचं नाव स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर) आधीच नोंदलेलं आहे आणि ते आधारला जोडलेलं आहे. सायबर कॅफेवाला ‘काका, नवीनच टाकू या’ म्हणेल. टाकू देऊ नका. एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या की दोन्ही अडकतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि जुना दाखला घेऊन दवाखान्याच्या दिव्यांग कक्षात जा, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथंच उभ्या राहा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला तपासणी असेल तर रिक्षाचे पैसे वाचवा, सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) चालत जाता येतं. सकाळी लवकर जा आणि डबा न्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले, त्यात दाखला देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली. तेव्हा पंधराव्या दिवशी हेलपाटा नको. कार्डांचे रंगही त्याच बदलानं आले : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

एजंटाचं काय ते सांगायला हवं का? खोट्या मार्गानं दिव्यांगांचा लाभ घेतला तर याच कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ते लाभ घेणाऱ्याला आहे. दाखल्यावर नाव तुमच्या मिस्टरांचं असेल. एजंटाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, त्याचा धंदाच तो आहे. शिवाय तो जे ४५ विकतोय ते कदाचित तुम्हाला सरळ तपासणीत मिळतील. आणि मिळाले तरी…

इथं पेन्सिलीचा भाग येतो. ताई, तुमचं सगळं लक्ष ४० वर आहे, कारण निराधारला ४० लागतात. लागतात, खरं आहे. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० झालेत, म्हणजे रक्कमही डोळ्यात भरण्यासारखी आहे. पण त्या योजनेला दुसरी अट उत्पन्नाची आहे. इतरांना कुटुंबाचं वर्षाचं २१ हजार, दिव्यांगांना ५० हजार. तुमच्या घरात ईएसआयचेच ४,८०० येतात. बाराने गुणा : ५७,६००. तुमची शिलाई त्यात धरलेलीच नाही. ४६ टक्क्यांचा दाखला घेऊन गेलात तरी संगायोचा कारकून बँकेचं पासबुक उघडेल आणि दर महिन्याची तीच रक्कम त्याला दिसेल. मी असतो तर मलाही दिसली असती. तो एजंट पंधरा हजार घेऊन तुम्हाला अशा दारापर्यंत नेऊन सोडणार होता, जे ४० टक्क्यांनी उघडत नाही. त्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मग दाखला करायचाच नाही? करा. ४० झाले की एसटीत ७५ टक्के सवलत आहे. महापालिकेला आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, त्यातून ज्या योजना निघतात त्यांची चौकशी राजीव गांधी भवनात करा. दिव्यांग वित्त महामंडळाचं कर्ज आहे, तुमचं शिलाईचं काम वाढवायला ते मला जास्त उपयोगाचं दिसतं. पण हे सगळं ‘असलं तर बरं’ या सदरातलं. तुमच्या घराची चूल ज्यावर पेटते ती ईएसआयची पेन्शन आहे, आणि तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलं नाही.

तिथले ३० टक्के आणि दाखल्यावरचे ३४ टक्के यांचा एकमेकांशी संबंध नाही. ईएसआयवाले कमाईची ताकद किती गेली ते मोजतात. त्यांच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५० असं छापलेलं आहे. तुमच्या मिस्टरांना तीन बोटांचे ३० बरोबर मिळाले. पण ते बोटांचे. १९४८ च्या कामगार विमा कायद्याच्या ५५ व्या कलमात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) असं होतं, की मूल्यांकन झाल्यावर त्या दुखापतीचे परिणाम बरेच वाढले आणि ते आधी कल्पनेत नव्हतं, तर मेडिकल बोर्डाला फेरविचार करता यायचा. अट अशी होती, की कायमच्या मूल्यांकनाला पाच वर्षं झालेली असावीत. त्याआधी हवं असेल तर मेडिकल अपील ट्रायब्युनलची परवानगी लागायची. तात्पुरतं मूल्यांकन असेल तर सहाच महिने. तुमचं फेब्रुवारी २०२२ चं. त्या पत्रावर ते कायमचं की तात्पुरतं ते लिहिलेलं असेल, बघा. कायमचं असेल तर त्या हिशेबानं पाच वर्षं फेब्रुवारी २०२७ ला भरतात.

म्हणजे तोवरचा वेळ आहे हातात, आणि तो पुरेल अशी माझी समजूत आहे. कारण इथं एक गोष्ट सिद्ध करावी लागेल, जी दाखल्याच्या वेळी लागत नाही : खांदा त्याच अपघातामुळं आखडला. बोटं गेल्यावर माणूस हात पोटाशी धरून ठेवतो, वापरत नाही, त्यातून खांदा जातो, असं होऊ शकतं. पण तसं झालं हे डॉक्टरांनी लिहायला हवं, माझ्यासारख्या कारकुनानं लिहून उपयोग नाही. मधुमेह असेल तर खांदा त्यानंही आखडतो, आणि बोर्ड पहिला प्रश्न तोच विचारेल. तेव्हा साखरेची तपासणी करून तो कागदही ठेवा, जे काही येईल ते.

आता रक्कम बघा. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या सरासरीच्या ९० टक्के देतात, अंशतः असेल तर त्याचा तेवढा हिस्सा. तुमच्या ३० टक्क्यांचे ४,८०० होतात, म्हणजे दर १० टक्क्यांमागं साधारण १,६००. ते १० वाढले तर दरमहा १,६०० जास्त, आयुष्यभर, उत्पन्नाची अट नाही, नोकरी असली नसली तरी. कंपनीनं मार्चपासून कामावरून काढलं म्हणून ही पेन्शन थांबत नाही, तसं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा.

या कामाला वकील लागेल असं वाटलं तर पैसे मोजू नका. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फुकट वकील कुणाला मिळतो त्या यादीत स्त्रिया आहेत, दिव्यांग आहेत आणि औद्योगिक कामगारही आहेत. तुमचं घर तिन्हींत बसतं.


प्रश्न : साहेब, माझा मुलगा २९ वर्षांचा, सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनियाची औषधं चालू. निफाड तालुक्यात आमचा द्राक्षबाग आहे. दाखल्याला नेलं तर ४० च्या खाली टक्के दिले. अपील केलं, तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच सांगितलं ना सगळं करतो म्हणून. परत जाऊन काही फायदा आहे का?

उत्तर : साहेब म्हणू नका, निवृत्तीला नऊ वर्षं झाली.

दादा, तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो. पोराला पहाटे आंघोळ घातली. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. गाडीत त्याच्या आईनं बजावलं, नीट उत्तरं दे. डॉक्टरांनी विचारलं, घरी काय करतो? तुम्ही पुढं होऊन म्हणालात, सगळं करतो हो, बागेत येतो, औषध मारायला मदत करतो. घरात लग्नाची मुलगी असेल तर आणखी दोन वाक्यं जास्त चांगली सांगितली असतील. चुकलं का, विचाराल तर मला बाप म्हणून चुकलं असं वाटत नाही. पण त्या खोलीत तुम्हाला बाप म्हणून बोलावलेलं नव्हतं, साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

मानसिक आजाराला रक्त तपासून टक्के काढता येत नाहीत. तिथं आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. चार गोष्टी विचारतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. शिवाय आजार किती काळ अंगावर आहे त्याचे १ ते ४. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची रेषा ओलांडली. आता तुमच्या ‘सगळं करतो’चे गुण लावा. चारही ठिकाणी शून्य नाहीतर एक. अपिलातही कागद तेच, उत्तरं तीच, आकडाही तोच आला असणार.

फायदा आहे, पण खोटं बोलायला सांगत नाही. खरं पूर्ण सांगा. आंघोळ करतो, पण किती वेळा सांगितल्यावर? बागेत येतो, पण मधेच काम टाकून निघून जातो का, आणि मग त्याला शोधायला कोण जातं? पैसे दिले तर दुकानातून सांगितलेली वस्तू आणतो का? शेवटचा पाहुण्यांत कधी बसला? रात्री कोण जागं असतं? उद्यापासून एका वहीत रोज दोन ओळी लिहा. ज्या दिवशी बरा होता ते दिवसही लिहा, नाही तर वही खोटी वाटते. दोन-तीन महिन्यांची वही आणि त्याच डॉक्टरांकडचे सहा वर्षांचे केसपेपर घेऊन नवा अर्ज करा. दवाखाना बदलू नका. तिथं त्याचा सगळा इतिहास आहे, भरतीच्या तारखा आहेत, आणि आजाराचा काळ मोजायला तोच इतिहास लागतो.

आणि शक्य असेल तर या वेळी त्याच्या आईला बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा. माझ्या अनुभवात आया लवकर रडतात खऱ्या, पण कमी लपवतात.

दाखला मिळाल्यावर गावात कळेल, ही भीती असते. दाखल्याची यादी काही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत नाही. निराधारसाठी अर्ज केलात तर मात्र तलाठ्याकडं चौकशी येते, हे आधीच सांगून ठेवतो. बागेचा सातबारा तुमच्या नावावर आहे म्हणजे उत्पन्नाचा प्रश्नही तिथं निघेलच. ती आशा बेताची ठेवा. दाखल्याचा खरा उपयोग तुमच्यानंतर आहे. मुलाच्या नावानं काही करून ठेवायचं, त्याचा पालक नेमायचा, तेव्हा हा कागद प्रत्येक ठिकाणी मागतात.


प्रश्न : मी इगतपुरीची. माझे सगळे उपचार मुंबईच्या सरकारी रुग्णालयात झाले, पण दाखल्यासाठी नाशिकलाच जावं लागेल असं सांगतात. नाशिकला एकदा नामंजूर झालं आहे. मुंबईत अर्ज केला तर चालेल का?

उत्तर : चालेल. २०१७ च्या नियमात दोन्ही वाटा आहेत : जिथं राहता त्या जिल्ह्यात, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत वा झाले आहेत तिथं. दाखला कुठूनही काढला तरी देशभर चालतो. पण नाशिकचं नामंजूर झालेलं लपवू नका, पोर्टलवर ते दिसतं. नामंजूर केलं तर कारण लेखी द्यावं लागतं, तो कागद तुमच्याकडं असेलच. नसेल तर आधी तो घ्या आणि मगच मुंबईची गाडी पकडा. कारण ‘कागद अपुरे’ असेल तर मुंबईच्या केसपेपरांनी काम होईल. ‘हा आजार कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत बसत नाही’ असं असेल तर मुंबईचे डॉक्टरही तीच यादी उघडणार आहेत.